नाव सांगितलं की गुण जातो

डोळ्यांत पिवळं उतरलं की रविवारी सूर्य उगवायच्या आत उंबरझिऱ्याच्या दगडीबाईच्या दारात जाऊन बसायचं, हे पारोळ्यापासून शिरपूरपर्यंत ज्याला त्याला कोणी ना कोणी सांगायचंच. सातपुड्याच्या पायथ्याचं हे गाव, एसटी दिवसातून दोनदा, तीही चालकाच्या मर्जीनं. तरी रविवारी तिच्या अंगणात पाच-सात माणसं उपाशीपोटी बसलेली असायची. दगडीबाई आतून वाटी घेऊन यायची. वाटीत गाईचं दूध, दुधात वाटलेला हिरवा पाला. माणसानं तोंड पूर्वेकडे करायचं आणि एका दमात प्यायचं. पैसा घ्यायचा नाही, नारळसुद्धा नाही. तेल, तिखट, वांगं आठ दिवस बंद. आणि सगळ्यात मोठं पथ्य तोंडाचं. पाल्याचं नाव विचारायचं नाही, आणि औषध घेतल्यावर काय होतंय ते कोणाजवळ बोलायचं नाही. बोललं की गुण जातो.

पाल्याचं नाव तिला सासूनं सांगितलं होतं, सासूला तिच्या सासूनं. एका वेळी एकीलाच ठाऊक. पुढचा नंबर सून सारिकाचा होता. सारिका दहावी शिकलेली, हिशेबाला पक्की, आणि या वारशावर तिचा डोळा होता हे सांगायला ज्योतिषी नको. का नसावा? तीन तालुक्यांतली माणसं ज्या घराच्या पायरीवर चपला काढतात, त्या घरची सून होणं काही थोडकं नाही. दगडीबाईलाही ते मान्य होतं. "मन्हा हात थकी गया का तुलेच सांगसू," असं ती दर आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, म्हणायची आणि हात काही थकत नव्हता.

पण या बाईचा खरा मोठेपणा वेगळाच होता. आपल्याला काय येत नाही ते तिला ठाऊक होतं. दोन वर्षांपूर्वी तिचा धाकटा दीर मंगा ताप-खोकल्यानं आजारी पडला. चौथ्या दिवशी श्वास लागला. लोक म्हणाले, अक्काला बोलवा. ती आली, त्याच्या डोळ्यांची खालची पापणी ओढून पाहिली आणि म्हणाली, "मन्हाकडे कावीळना पाला शे. ह्या तापना नही. धुळाले ल्ही जा." जीप मिळेपर्यंत दुपार झाली. धुळ्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी फ्लू सांगितला, फुप्फुसात उतरलेला. मंगा परत आला तो आडवाच. पुढे कितीतरी दिवस ती रानात चालताना नवीन पाला दिसला की खुडून हुंगायची आणि टाकून द्यायची.

गेल्या पावसाळ्यात धुळ्याच्या देवपुरातल्या एका संशोधन केंद्राची परिचारिका रोहिणी स्कूटीवरून सोनगीर, शिरपूर करत चिखलानं माखून गावात आली आणि शाळेच्या ओट्यावर म्हणाली, की फ्लूची एक नवी लस पानांत तयार केलेली आहे आणि तिची चाचणी करायची आहे, तेव्हा सगळ्यांच्या माना दगडीबाईकडे वळल्या. पान म्हटलं की तो तिचा प्रांत.

"पाला वाटीसन सुईमा भरतस का?" तिनं विचारलं.

रोहिणी हसली नाही, हे तिचं मोठं पुण्य. तिनं बॅग खाली ठेवली आणि नीट मांडी घालून बसली. "नाही अक्का, पाला अंगात जात नाही. पान म्हणजे नुसता कारखाना. तंबाखूच्या भावकीतलं एक झाड आहे, ते बंद काचघरात वाढवतात. फ्लूच्या विषाणूच्या अंगावर काटे असतात. ते काटे कसे बनवायचे याची कृती मातीतल्या एका जिवाणूकडून पानात पोचवतात. मग पान ते काटे बनवतं, स्वतःच्या पेशीच्या पातळ सालीत खोचतं आणि त्याचे बारीक बारीक गोळे बाहेर टाकतं. आठवड्याभरानं पानं कापायची, गोळे वेगळे काढायचे, साफ करायचे. ते बाहेरून हुबेहूब विषाणूसारखे दिसतात. आत पोकळ. आजार करणारं त्यात काहीच नाही."

"म्हंजे बुजगावनं!" चुडामण नाना म्हणाले. नाना सत्तरीचे, गावात त्यांच्या शब्दाला मान, आणि तो मान कमी पडू नये म्हणून ते सगळ्यात आधी बोलायचे.

"बुजगावणं पाखरांना भिववतं, नाना. हे आपल्याच राखणदारांना जागं करतं." रोहिणीनं दंडावर बोट ठेवलं. "इथं टोचलं की इथल्या पहारेकरी पेशी तो गोळा गिळतात आणि काखेतल्या गाठींपर्यंत नेऊन बाकीच्या पेशींना दाखवतात, की बघा, असा गडी दिसला तर सोडायचा नाही. मग काही पेशी प्रतिपिंडं बनवतात. ती रक्तात फिरतात आणि खरा विषाणू आला की त्याच्या काट्यांना चिकटतात, त्याला पेशीत घुसू देत नाहीत. दुसरी फळी टी पेशींची. त्या लढायलाही मदत करतात आणि लक्षातही ठेवतात. फ्लू दर वर्षी काटे थोडे बदलून येतो, त्यामुळे प्रतिपिंडं कधी कधी फसतात. पण काट्यांचा जो भाग बदललेला नसतो, त्यावरूनही टी पेशी ओळख पटवू शकतात. परदेशात आधी झालेल्या चाचण्यांत पानांतल्या या गोळ्यांनी ही दुसरी फळी चांगली जागी केल्याचं दिसलं. आपल्याकडच्या माणसांत किती जागी होते, किती दिवस टिकते, ते बघायचंय. त्यासाठी रक्त लागेल. आज, तीन आठवड्यांनी, आणि सहा महिन्यांनी."

दगडीबाई तिच्याकडे बघतच राहिली. या पोरीनं झाडाची जात सांगितली, कुठं वाढवतात ते सांगितलं, पान कधी कापतात तेही सांगितलं. चारचौघांत, भर ओट्यावर!

"नाव सांगीसन गुन जात नही का वं?"

"आमच्याकडे उलटं आहे, अक्का. सगळं सांगितल्याशिवाय सुई हातातच घ्यायची नाही, असा नियम आहे." मग रोहिणीनं आणखी एक गोष्ट सांगितली. निम्म्यांना ही पानातली लस मिळणार, निम्म्यांना नेहमीची फ्लूची लस. कोणाला कोणती, हे घेणाऱ्याला कळणार नाही आणि देणाऱ्या रोहिणीलाही नाही.

दगडीबाईच्या डोळ्यांत मिस्कील चमक आली. "म्हंजे तुमनाबी झाकी ठेवाना धंदा शे!"

"झाकतो. पण कधी उघडायचं ते आधीच लिहून ठेवतो."

हे उत्तर तिला आवडलं की झोंबलं, सांगता येत नाही. तिनं बाही वर केली आणि पहिली सुई घेतली. तिच्यामागून बेचाळीस माणसं उभी राहिली. रोहिणीनं प्रत्येकाच्या हातात एक कार्ड दिलं. सात दिवस रोज लिहायचं: दंड दुखला का, ताप आला का, डोकं, अंगदुखी, पुरळ, जे होईल ते. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी घरातल्या कोणाकडून खूण करून घ्यायची. सगळ्यांनी माना डोलावल्या.

आणि इथंच घोटाळा झाला. रोहिणीची स्कूटी वळणावर दिसेनाशी झाली आणि ओट्यावरून उतरता उतरता दगडीबाई सवयीनं, अगदी सवयीनं, मागच्या लोकांना म्हणाली, "पालानं औषद शे. पथ्य पाळा. आनि काय व्हई ते कोनले सांगू नका."

पस्तीस वर्षं दर रविवारी म्हटलेलं वाक्य. तोंडातून निघून गेलं आणि तिच्या लक्षातही राहिलं नाही.

गावानं मात्र ते शब्दन् शब्द पाळलं. एरवी ग्रामसभेत ठरलेली एक गोष्ट धड न पाळणारं हे गाव, पण अक्काचं पथ्य म्हटल्यावर त्रेचाळीस जणांच्या घरांत फोडणीचं तेल बंद झालं. प्रेमराज म्हणून एक ट्रॅक्टरवाला आहे. हायवेवरच्या हॉटेलात रोज शेवभाजी खाल्ली नाही तर त्याला दिवस गेल्यासारखा वाटत नाही. त्यानंसुद्धा आठ दिवस ताक-भाकरीवर काढले. बायको म्हणाली, रोज टोचा याला.

आठव्या दिवशी रोहिणी कार्डं गोळा करायला आली. पहिलं कार्ड कोरं. दुसरं कोरं. तिनं भराभर चाळली. त्रेचाळीसच्या त्रेचाळीस कार्डांवर एक खूण नव्हती. दुसऱ्या गावांत निम्म्या लोकांनी निदान दंड दुखल्याचं तरी लिहिलं होतं. ती काही बोलणार तेवढ्यात चुडामण नाना आले आणि त्यांनी तिला रामराम केला. एका हातानं. डावा हात अंगालगत लटकत होता.

"नाना, हात दुखतोय?"

"मी ठनठनीत शे, पोर."

"दोन्ही हात वर करा बरं."

नानांनी एक वर केला आणि आभाळाकडे बघत म्हणाले, पाऊस येई.

रोहिणी तिथून सरळ दगडीबाईच्या घरी गेली. कोऱ्या कार्डांचा गठ्ठा तिनं पुढ्यात ठेवला. त्यात दगडीबाईचंही होतं. पहिल्या रात्री आपल्यालाही कणकण आली होती, दंड तांबडा झाला होता, आणि आपणही ते सारिकाला कळू दिलं नाही, हे दगडीबाईला तो गठ्ठा बघून आठवलं. मग ओट्यावरून उतरताना आपण काय बोललो तेही आठवलं. तिनं दोन्ही रोहिणीला सांगून टाकलं.

"दुखणं वाईट नाही, अक्का," रोहिणी म्हणाली. "पहारेकरी कामाला लागले की दंड दुखतो, अंग तापतं. नाही दुखलं तरी लस काम करत असते. पण दुखलं तर लिहिलंच पाहिजे. आज कोणाला काही वेगळं झालं असेल आणि त्यानं तोंड मिटलं, तर उद्या हीच सुई हजारो लोकांना टोचली जाईल आणि ते वेगळं काय होतं ते कोणालाच ठाऊक नसेल. अशी सगळी कोरी कार्डं दिसली की तपासणारे या गावाचं काहीच धरणार नाहीत. तुमचं रक्त, तुमचे दिवस, सगळं वाया. मी परवा परत येते. लोकांना खरं आठवतंय तोवर लिहून घेऊ."

"मी सांगस बठ्ठासले," दगडीबाई म्हणाली.

सांगणं सोपं होतं, ऐकणं नव्हतं. ती दारोदार फिरली. पाटील गल्लीपासून भिलाटीपर्यंत. लोक आदरानं पाट टाकायचे, चहा ठेवायचे, हो हो म्हणायचे, आणि काही झालं का विचारलं की काही नाही म्हणायचे. अक्का परीक्षा घेतेय, असंच निम्म्यांना वाटलं. शेवटी चुडामण नानांनी खाटेवर बसून मनातलं बोलून टाकलं. "अक्का, तुम्हीनच सांगं व्हतं ना, बोलशात तं गुन जाई? आते तुम्हीनच म्हंतस बोला. सुई पालानी, तुमना दूध पालानं. एक पाला बोलीसन बिघडस आनि दुसरा बिघडत नही, हाई कसं? मंग तुम्हीन पहिले सांगा तुमना पालानं नाव. तवय आम्हीन बठ्ठा बोलसूत."

नाना गमतीनंच बोलले. असं कोणी करणार नाही, याची त्यांना खात्री होती. पण दगडीबाई चहा तसाच ठेवून उठली, कारण नानांच्या बोलण्यात खोट काढायला तिला जागा सापडली नाही.

दुसऱ्या दिवशी सासू-सुना कपाशीत निंदत होत्या. दगडीबाईनं विळा थांबवला आणि आपल्या मनात काय आहे ते सारिकाला सांगितलं.  सारिकानं विळा मातीत फेकला.

"पाच पिढ्यासनं शे हाई! बठ्ठासले सांगी देशात तं मन्हा वाटाले काय उरी? कोन ई आपला दारशी? सुईवाली बाई उद्या चालनी जाई तिना गावले. आपले इठेच ऱ्हावानं शे."

यातला शब्दही खोटा नव्हता.  झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, आणि ही मूठ तर तिनं पस्तीस वर्षं झाकली होती. सासू मरताना तिच्या कानाला तोंड लावून नाव सांगून गेली होती. ते नाव ओट्यावर सांडायचं आणि गुण खरंच गेला तर? उद्या कोणी पिवळ्या डोळ्यांचं लेकरू घेऊन आलं, तर त्याला काय द्यायचं? तिनं पुन्हा विळा चालवायला घेतला. मग तिला मंगा आठवला, आणि त्याच्यासारखाच कुठल्या तरी गावातला, कधी न पाहिलेला माणूस, जो उद्या ही सुई घ्यायला बाही वर करील. त्याला चुडामण नानांचा दंड कसा होता ते कोण सांगणार?

रोहिणी आली त्या सकाळी ओटा भरलेला होता. दगडीबाई आली ती हातात एक रोपटं घेऊन. मुळासकट उपटलेलं, वीतभर उंच, बारीक पानं, पानांखाली मोहरीएवढ्या हिरव्या गोळ्यांची रांग. तिनं ते सगळ्यांना दिसेल असं वर धरलं.

"हाई भुईआवळी," ती म्हणाली. "कावीळना पाला तो हाऊच. दुसरं काही नही."

एक क्षण कोणाला काही कळलंच नाही. मग मागून एक बाई ओरडली, "माय वं! हाई तं मी रोज निंदीसन बांधवर फेकस!"

कोणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच गप्प झालं. प्रत्येकाच्या कपाशीत, बांधावर, उकिरड्याच्या कडेला उगवणारं हे तण. त्याच्यासाठी लोक पारोळ्याहून उपाशी येत होते. सारिका खांबाला टेकून उभी होती, तिनं तोंडावर पदर ओढला. 

"गुन पालामा व्हई, तं नाव सांगीसन जावाव नही," ती म्हणाली. "आनि मन्हा गप बसामाच गुन व्हता, तं पस्तीस वरीस मी लोकेसले फसाडं. कसंबी ऱ्हावो, आते मी बोलनू. मन्हा दंड दोन दिन दुखना, रातले ताप उना. लिख पोर, पहिलं मन्हंच लिख. आनि नाना, तुम्हीन आते शर्ट काढा."

लोकांसमोर शर्ट काढायला लागणं नानांना मानवलं नाही, पण शब्द त्यांचाच होता. दंड कोपरापर्यंत सुजून गेलेला, आता उतरत होता. चार दिवस ताप. रोहिणीनं तिथूनच डॉक्टरांना फोन लावला आणि नानांना दुपारच्या जीपनं धुळ्याला तपासायला नेलं. दोन दिवसांनी ते बरे होऊन आले आणि आपल्या दंडाचे फोटो काढले म्हणून भाव खाऊ लागले. ओट्यावर मात्र त्या सकाळी बांध फुटावा तशी माणसं बोलत सुटली. कोणाचा दंड, कोणाचं डोकं, कोणाची मळमळ. प्रेमराजला काहीच झालं नव्हतं. उगाच शेवभाजी सोडली, असं म्हणून तो अक्काकडे रागानं बघत होता. रोहिणीनं नवी कार्डं भरली, उशिरा का भरली त्याचं कारणही प्रत्येकावर लिहिलं. तेवीस जणांना काही ना काही झालं होतं. ते तपासणाऱ्यांनी धरलं.

लोकांना या बाईचं कौतुक करायचं ते काविळीच्या पाल्यासाठी. मला विचाराल तर त्या सकाळसाठी करावं. शहाणी म्हणवणारी किती माणसं आपली चूक चार भिंतींत कबूल करतात आणि बाहेर छाती काढून फिरतात. हिनं चूक भरून काढायला घरातली एकुलती एक पुंजी उधळली, आणि तीही स्वतःच्या हातानं.

पुढच्या रविवारी अंगणात कोणी आलं नाही. त्याच्या पुढच्याही. नाव फुटल्याची बातमी एसटीच्याही आधी पारोळ्याला पोचली होती. सारिका कामापुरतं बोलायची. दगडीबाई पहाटे उठायची, अंगण झाडायची आणि रिकाम्या अंगणात बसून राहायची.

चौथ्या रविवारी तोताराम नावाचा माणूस पारोळ्याहून बायकोला घेऊन आला. तिचे डोळे हळदीसारखे. नाव माहीत आहे, पण वाटायचं कसं ते माहीत नाही, म्हणाला. दगडीबाईनं त्याच्या देखत पाला वाटला, किती घ्यायचा, दूध किती, सगळं दाखवलं. मग म्हणाली, आधी शिरपूरच्या सरकारी दवाखान्यात रक्त दाखवा, नंतर हे प्या. आणि काय होतंय ते बोला.

सारिका उंबऱ्यात उभी होती. ती आत गेली आणि मुलाची वही घेऊन बाहेर आली. पानावर तिनं रेघा मारल्या, सात दिवसांच्या सात. डोळे, लघवी, भूक, ताप. सासूकडे न बघता तिनं तोतारामचा फोन नंबर विचारला आणि त्याच्या बायकोला म्हणाली, "रोज सांजले मी फोन करसू. जे व्हई ते सांगा."

आठवडाभर तिनं रोज फोन केला. शेवटच्या संध्याकाळी दगडीबाई भाकरी थापत होती. सारिका फोन कानाला लावून ऐकत राहिली. मग तिनं वही मिटून मांडीवर ठेवली.

"काय म्हने?"

"आत्याबाई, फरक नही. तिले आज दवाखानामा भरती करं. डॉक्टर म्हने, बरं व्हई जाई, पन येवाले उशीर व्हयना." सारिकानं पेन खाली ठेवलं. "हाई नही लिखत मी. पहिलंच पान शे."

दगडीबाईचा हात परातीत तसाच थांबला. पस्तीस वर्षांत, इतक्या रविवारांत, गुण आला नाही असं तिला कोणी सांगितलंच नव्हतं. सांगायची बंदी तिनंच घातली होती. असे किती जण असतील, आपल्या घरी गप्प बसून राहिलेले? तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला तरी ती हलली नाही.

"लिख, सारिका," ती म्हणाली. "तेच पहिले लिख."